पाणी उभं, माणूस बसलेला

कोणाच्याही घरी गेले की मी आधी स्वयंपाकघरात शिरते. ओटा ग्रॅनाइटचा असला तर मुकाट बाहेर येऊन चहा पिते. पण लाकडाचा असला तर मात्र हात शिवशिवतात. नळाखाली बोटं ओली करायची आणि ओट्यावर चार शिंतोडे उडवायचे. थेंब गोल उभे राहिले की समजावं, ओटा तृप्त आहे. पसरले, मुरले, खाली काळपट ओल धरली, की बिचारा तहानलेला आहे. आमचे हे कपाळाला हात लावतात. "पाहुणी म्हणून आलीयेस की नगरपालिकेतून?" असं म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. पण ही खोड माझी नाही. ती मला शेजारून लागली आणि लागली ती लागलीच.

शेजारी म्हणजे गजातात्या. आता ते नाहीत, पण कर्जतला स्टेशनपलीकडे त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीला पाठ लावून होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी लग्न होऊन घाटावरून आलेली, घरीच ब्लाउज शिवायची. तात्या खोपोलीच्या एका कारखान्यात लाकडी साचे बनवायचे. लोखंड ओतून एखादी वस्तू करायच्या आधी तिचा लाकडाचा जुळा करावा लागतो म्हणे, तो जुळा तात्यांच्या हातचा. मग तात्या रिटायर झाले आणि ते सगळं कसब एकदम घरात येऊन पडलं. घरात लाकडाचं होतं काय, तर दोन खुर्च्या, एक पाट आणि त्यांच्या बायकोचा, म्हणजे यमुनाकाकूंचा ओटा. खुर्च्या आणि पाट बघता बघता आरशासारखे झाले. मग तात्या ओट्याकडे वळले आणि काकूंचे ग्रह फिरले.

तो ओटा साधासुधा नव्हता. काकूंचं माहेर खालापूरकडचं. तिथल्या अंगणातला फणस रस्ता रुंद होताना तोडावा लागला, तेव्हा काकूंच्या वडलांनी त्याच्या फळ्या जावयाला दिल्या. जावयानं तीन फळ्या एकमेकींना अशा जोडल्या की सांधा दिसू नये. येईल त्याला तात्या ओट्यापाशी उभं करायचे आणि म्हणायचे, "सांधा शोधून दाखव." मी शिवणकाम करणारी, मला नखानं लगेच लागला. मी हौसेनं दाखवला. तात्या बराच वेळ त्या जागी बोट फिरवत राहिले, मग म्हणाले, "तुजं नख वाढलंय, काप." आणि पुढे आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलले.

काकूंना त्या ओट्याचं तेवढं कौतुक नव्हतं. "माहेरचा फणस म्हनून लोकं गरे खातात," त्या म्हणायच्या. "माज्या वाट्याला लाकूड आलं. चाटू काय?"

काकूंचं खोटं नव्हतं. त्या ओट्याचे नियम सोवळ्यापेक्षा कडक होते. ओलं भांडं ठेवायचं नाही. गरम भांडं तर नाहीच नाही. विळी आणि लोखंडी तवा ओले टेकवायचे नाहीत, काळा डाग पडतो. सांडलं तर लगेच पुसायचं, पण ओल्या फडक्यानं पुसलं तर मागोमाग कोरडं फडकं फिरवायचं. शेवटी काकू पीठ मळायच्या जमिनीवर, भाजी चिरायच्या जमिनीवर, आणि ओटा आपला वर तुळतुळीत बसलेला. मी एकदा म्हटलं, "काकू, ओटा असून तुम्ही खाली का बसता?" तर म्हणाल्या, "अगं, तो जावई हाय या घरचा. त्याला कामाला लावतात व्हय?"

तात्यांचं माझ्याकडे काम असायचं ते चिंध्यांचं. उंच, किडकिडीत, बंडी आणि अर्धी चड्डी, कानामागे पेन्सिलीचा तुकडा, अंगाला जवसाच्या चटणीसारखा वास. दारात येऊन हात पुढे करायचे. "टेलरबाय, कातरण दे. सुती दे हां. टेरिकॉट नको. टेरिकॉट सोता पीत नाय नि दुसऱ्याला पिऊ देत नाय."

कारण तात्या लाकडाला तेल लावायचे नाहीत, पाजायचे. आधी काचेच्या तुकड्यानं वरचा मळ तासायचा, मग लाकडाच्या रेघेनं रेघेनं पॉलिशपेपर फिरवायचा. आडवा फिरवलात तर तुमचं तोंड बघणार नाहीत. मग सुती चिंधीनं अळशीचं तेल, अगदी पातळ. आम्ही त्याला जवस म्हणतो, ते अळशी म्हणायचे, आणि यावरूनही आमचं भांडण व्हायचं. तेल मुरेस्तोवर लाकडाशी बोलत बसायचे. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. "पी रं, पी. अजून घे. उन्हाळा कडक गेला न्हवं तुला?" मी एकदा विचारलं, "तात्या, एवढं पाजून शेवटी पुसून का टाकता?" तर म्हणाले, "तुज्या पोराला दूध पाजल्यावर तोंड पुसत नव्हतीस?"

दारं-खिडक्यांना मात्र ते दुकानातलं बेलतेल वापरायचे, पण ते ओट्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत. त्यात काय काय घातलेलं असतं, खाण्याशी नको, म्हणायचे. आता बेलतेल म्हणजे उकळलेलं अळशीचंच तेल. साहेबाच्या 'बॉइल'चं आपल्या लोकांनी बेल केलं. पण हे काकूंना कोण सांगणार? महाशिवरात्रीला काकूंनी कपाटात बाटली पाहिली, दुकानदारानं वर ठसठशीत लिहिलेलं 'बेलतेल'. महादेवाला बेल प्रिय, मग बेलाचं तेल किती प्रिय असेल! भक्तिभावानं समई भरली. समईनं असा काही धूर सोडला की देवघर, देव आणि भक्त तिन्ही काजळून निघाले. तात्या हसत सुटले, आणि काकू काळ्या नाकानं त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "हसा. माजा देव तरी तुमच्या तेलातनं सुटू द्या."

तात्यांचा एक मंत्र होता. कोणाच्या घरी गेले की शिंतोडे उडवायचे, थेंब न्याहाळायचे आणि म्हणायचे, "ओट्यावर पाणी उभं नि मानूस बसलेला, म्हंजे घर ठीक." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खो खो हसले. "तात्या, ओट्यावर माणूस बसला तर काकू लाटणं घेऊन धावतील."

"अगं येडे, मानूस भायेरच्या ओट्यावर!"

तेही खरं. आपल्याकडे रांधायचा तोही ओटा आणि दारातला बसायचा तोही ओटा. आतल्यावर पाणी उभं राहावं आणि बाहेरच्यावर येणारा-जाणारा टेकावा. गंमत अशी, की तात्यांच्या स्वतःच्या दारात बसायचा ओटा नव्हताच. दोन पायऱ्या आणि त्यांवर चपला. येणारा माणूस उभ्यानं बोलायचा आणि उभ्यानं जायचा. मी हे त्यांना एकदा सुनावलं. "अर्धं घर ठीक हाय," असं पुटपुटत ते आत गेले.

या दोन ओट्यांनी एकदा फार मजा केली. कडावच्या बाजूला मुंबईच्या एका बाईंचा बंगला होता. बाई शनिवार-रविवारच्या, पण स्वभावानं लाख. त्यांनी तात्यांची कीर्ती ऐकून फोन केला, "आमचा ओटा अगदी गेलाय हो. तुम्ही या आणि करून टाका, आम्ही शनिवारी येतो." तात्या हत्यारं घेऊन गेले. घराला कुलूप, राखणदार जेवायला गेलेला, आणि दारात हा लांबलचक सागवानी फळ्यांचा ओटा, पावसानं पांढरा पडलेला. तात्यांनी जो दिसला तो ओटा धरला. तासला, घासला, पाजला, पुसला. शनिवारी बाईंचा फोन. "काका, तुम्ही आला नाहीत का? ओटा तसाच आहे." तात्या भडकले. "अवो, सोनं केलंय त्याचं! डोळं उघडून बघा!" बाई म्हणाल्या, "मी किचनमध्येच उभी आहे." मग बाई जे हसायला लागल्या ते थांबेनात. पुढच्या आठवड्यात तात्यांनी आतलाही ओटा केला. बाईंनी लोखंडी कढयांनी त्याच्यावर चंद्र-सूर्य काढून ठेवले होते. तात्यांनी लिंबू-मीठ चोळून चोळून ते घालवले, एक चंद्र मात्र हट्टी निघाला. "त्याला काई मी नाय काडू शकलो," असं सांगताना त्यांचा चेहरा एवढा पडला होता, जणू परीक्षेत नापास झाले.

चुका त्यांच्याकडूनही व्हायच्या आणि त्या जोरदार व्हायच्या. एका दुपारी न्हाणीमागून धूर. जाऊन बघते तर बादलीतलं चिंध्यांचं बोचकं आपोआप धुमसतंय. ना काडी, ना विडी. काकूंनी किंचाळून गल्ली गोळा केली. "करनी! कुनीतरी करनी केली!" समोरच्या म्हातारीनं लगेच दुजोरा दिला, तिला कालच घुबड दिसलं होतं म्हणे. तात्या पाणी ओतायला पुढे झाले, एकदा वास घेतला, आणि त्यांचा चेहरा मला दिसला. तेलानं माखलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या की आतल्या आत तापतात, कधी पेटतातही. कारखान्यात ते दुसऱ्यांना यावरून शिव्या घालायचे, आणि घरी स्वतःच बोचकं बांधून ठेवलं होतं. पण अर्धी गल्ली जमलेली! माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चिंधी तुजी, तेल माजं. दोगं गप बसू." आम्ही गप बसलो. काकूंनी दाराला लिंबू-मिरची टांगली. लिंबू ओट्याच्या डागांसाठी आणलेल्यातलंच. पुढे दर शनिवारी ती बदलायला तात्या न सांगता बाजारातून मिरच्या आणायचे, आणि सुकायला टाकलेल्या चिंध्या दोरीवर एकेक मोकळी करून लटकवायचे.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. पण त्या वर्षी भाऊबीजेला काकू माहेरी गेल्या आणि पेटून परत आल्या. भावजयीनं काळाभोर ग्रॅनाइट बसवला होता. मला म्हणाल्या, "सुनंदे, त्यात तोंड दिसतं गं! वर गरम पातेलं ठेव, पानी वत, विळी आपट, काई म्हन्नार नाय तो. माहेरी ग्रॅनाइट आला नि माहेरचा फनस माज्या गळ्यात!" त्या दिवसापासून घरात दोनच पक्ष, लाकूड आणि दगड. काकू जेवण वाढताना ग्रॅनाइट म्हणायच्या, कपडे वाळत घालताना ग्रॅनाइट म्हणायच्या. तात्या कानात तेल घालून बसले होते, आणि तेल त्यांच्याकडे भरपूर होतं. मला मात्र भीती वाटायला लागली. काकूंच्या आवाजातली चेष्टा हळूहळू कमी होत चालली होती. आणि ओटा गेला तर तात्या दिवसभर करणार काय, हेही मला कळेना. खरं सांगते, मी दोघांच्या मध्ये चेपले गेले होते. एकीकडून काकू यायच्या, "तू सांग त्यांना." दुसरीकडून तात्या यायचे, "तू सांग तिला." मी म्हटलं, तुम्ही दोघं माझ्याकडे ब्लाउज शिवायला या, भांडण शिवायला नको.

मग चैत्रात ती दुपार आली. ओट्याला पाजायचा दिवस होता. शेगडी खाली काढून कोपऱ्यात ठेवलेली, ओटा रिकामा, आणि भिंतीपलीकडून चिंधी फिरल्याचा आवाज. खस, खस. "पी रं, पी. तहान लागली व्हय? पी." इकडे माझं मशीन चालू. काकू बाजारातून आल्या. पिशवी जमिनीवर ठेवल्याचा आवाज मला आला. मग काकू बोलल्या, आणि ओरडून नाही, अगदी हळू.

"अवो, लाकडाला तहान लागती ती तुमाला कळती. रिटायर झाल्यापासनं त्याला तेल पाजताय. मला लग्न झाल्यापासनं कदी कपभर च्या पाजलात?"

चिंधी थांबली. माझंही मशीन थांबलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं भिंतीला कान लावून हसत होते मी, आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. तात्यांनाही सुचलं नव्हतं. काकूंनाही बहुतेक तोंडातून बाहेर पडेपर्यंत माहीत नसावं, कारण लगेच त्या पिशवीतल्या भाजीवर काहीतरी बडबडायला लागल्या.

थोड्या वेळानं माझ्या मागच्या दारात तात्या. हात तेलकट, चेहरा उतरलेला. मला वाटलं चिंध्या हव्या असतील. तर खालच्या आवाजात म्हणाले, "सुनंदा, च्याला आदी पानी का आदी दूध?"

पहिला चहा असा झाला की काकूंनी एक घोट घेतला आणि विचारलं, "हा प्यायचा का दारांना लावायचा?" पण कप रिकामा केला. तात्या माघार घेणारे नव्हतेच. चहाकडे त्यांनी साच्यासारखं पाहिलं. आलं किती, उकळी कुठवर, रंग कुठला आला की थांबायचं. आठवडाभरात चहा पिण्यासारखा झाला, महिन्याभरात बरा झाला. रोज दुपारी भिंतीपलीकडून आता चिंधीच्या खसखशीऐवजी आलं ठेचणाऱ्या बत्त्याचा आवाज यायचा. आणि एक दिवस काकूंनी काही म्हणायच्या आत तात्याच म्हणाले, "चल, उठ. शिळफाट्याला जाऊ. दगड बघू."

काकू चाटच पडल्या. "तब्येत बरी हाय ना?" दुकानात तात्यांनी एकही खोड काढली नाही. काकूंनी काळाच निवडला, तोंड दिसणारा. मला वाटलं होतं आयत्या वेळी त्या विरघळतील, पण छे. काकूंना ग्रॅनाइट हवाच होता, आणि तो मिळाला.

गवंडी आला त्या दिवशी मीही गेले होते, तात्यांना धीर द्यायला. तात्या बाहेर पायरीवर पाठ करून बसलेले. गवंड्यानं फळीखाली पहार घातली आणि दणका दिला. तर आतून किंकाळी. "हळू रे मेल्या! माज्या बापाचा फनस हाय तो!" काकू पदर खोचून मध्ये उभ्या. गवंड्याच्या हातून पहार काढून घेतली आणि तात्यांना हाक मारली. मग दोघांनी मिळून तो ओटा सोडवला, तात्यांनी स्क्रू काढले आणि काकूंनी खालून आधार दिला. बाहेर उजेडात आणला तेव्हा मध पडल्यासारखा पिवळा दिसत होता. दोघंही त्याच्याकडे बघत उभे. कोणाला पुढचं सुचेना. मीच म्हटलं, "तात्या, तुमचं अर्धं घर ठीक व्हायचं राहिलंय ना?"

दोन दिवसांत दारात ओटा झाला. पायरीलगत खाली विटांचे दोन खांब, वर खालापूरचा फणस. येणारा माणूस बसायला लागला. पोस्टमन बसायचा, समोरची म्हातारी बसायची, घुबडाच्या गोष्टी सांगायची. आतल्या ग्रॅनाइटवर काकू पीठ मळायच्या, उभ्यानं, ऐटीत.

पुढे ह्यांची बदली झाली आणि आम्ही कर्जत सोडलं. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मी तात्यांकडे गेले, कातरणाची पिशवी घेऊन, सगळी सुती. ते त्यांचं-माझं शेवटचं भेटणं, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक होतं? मी दिसताच तात्यांनी तांब्यात बोटं बुडवली, ओट्यावर शिंतोडे उडवले. थेंब टपोरे उभे राहिले. "उभं ऱ्हायलं. बस आता." ते पुसून मला बसवलं आणि स्वतः आत गेले. हातात तीन कप घेऊन बाहेर आले.

कप गरम होते. मी त्यांच्याच तालमीत वाढलेली, झटकन पिशवीतली चिंधी काढून कपाखाली सारायला गेले. आणि तेव्हा ते दिसलं. सगळा ओटा तेलानं चमकत होता, फक्त एका टोकाला, दाराजवळ, पांढरट वर्तुळं. एकावर एक, कपाच्या बुडाएवढी. तिथं चमक नव्हती, तेलाचा हात फिरलेला नव्हता. लिंबाएवढ्या डागासाठी जीव टाकणारा हा माणूस!

"तात्या, इथं पाजायचं राहिलं का?"

त्यांनी दाराकडे बघितलं. काकू आत कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या. तात्या माझ्याकडे वाकले आणि अगदी गुपित सांगावं तसं म्हणाले, "तेवडं सोडून पाजतो गं. तितलं लाकूड च्या पितं."

मग काकू आल्या, बसल्या, आणि बोलता बोलता, न बघता, आपला गरम कप बरोबर त्या वर्तुळावर ठेवला.